बावीस मजल्यांची सोसायटी आणि आमचा गाळा

भाकरी थापत, भाजी निवडत, शेळ्यांना पाला घालत जिथं असाल तिथून ऐकताय, म्हणून सुरुवातीलाच सांगतो, आजचं बोलणं जरा लांबचं आहे. न्यूयॉर्कचं आहे. पण निघालं ते आपल्या बसस्टँडमागच्या गाळ्यातून.

मागच्या महिन्यात आमच्या शिलाई गटाची बैठक रात्री साडेनऊपर्यंत चालली. एरवी आम्ही सातच्या ठोक्याला उठतो. त्या दिवशी कुणी उठेना. विषयच तसा होता. अकरा वर्षांपूर्वी बारा जणींनी मिळून तो गाळा घेतला. तेव्हा तिथं बाभळी होत्या आणि संध्याकाळनंतर कुणी फिरकत नव्हतं. प्रत्येकीनं पंचवीस हजार घातले. कुणी गटाचं कर्ज काढलं, कुणी डोरलं गहाण ठेवलं, एकीनं म्हैस विकली. खरेदीखतावर बाराही नावं आहेत. आता बायपास झाला, समोर पेट्रोलपंप आला आणि गाळ्याचा भाव बारापट झाला.

आमच्यातल्या एक ताई आता मुलाकडं पुण्याला निघाल्यात. त्यांना गटातून बाहेर पडायचंय. त्या म्हणाल्या, माझा बारावा हिस्सा आजच्या भावानं द्या, म्हणजे तीन लाख. दुसऱ्या काकू म्हणाल्या, घातलेस तेवढे घे आणि वर बँकेचं व्याज घे, गाळा काय तू एकटीनं वाढवलास का? दोघींचंही खोटं नव्हतं. आणि त्यांच्या जागी यायला एक मुलगी तयार आहे. काजबटणापासून ब्लाउजच्या कटिंगपर्यंत हात इतका साफ की बघत राहावं. माहेरी परत आलेली आहे, पदरात एक पोर आहे. तिनं तीन लाख कुठून आणायचे? पंचवीस हजाराचं मात्र ती वर्षभरात जमवील.

हाच प्रश्न कपडे शिवणाऱ्या बायकांच्या एका सोसायटीला पडला होता, हे आम्हाला आधीच वाचून माहीत होतं. आठ मार्चच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कच्या शिलाई कामगारणींची माहिती काढत होतो, त्यात ते सापडलं. बैठकीत सांगायला गेलो तर काकू म्हणाल्या, इथं गाळ्याचं मिटेना आणि ही अमेरिकेला निघाली. म्हणून आज रेडिओवर नीट सांगतो.

न्यूयॉर्क शहराच्या मधोमध मॅनहॅटन नावाचं बेट आहे. तिथं चेल्सी म्हणून एक भाग आहे. आज तो भाग म्हणजे मुंबईतल्या मलबार हिलसारखा समजा, म्हणजे पैशाच्या बाबतीत. चित्रांची दालनं आहेत, जुन्या मालगाडीच्या उंच रुळांवर केलेली हाय लाइन नावाची बाग जवळच आहे. अशा ठिकाणी एका झोपायच्या खोलीचं घर, आपल्याकडं ज्याला वन बीएचके म्हणतात तेवढंच, घ्यायचं तर भल्या पगारदाराचीही आयुष्याची कमाई जाते. आणि तिथंच, तेविसाव्या आणि एकोणतिसाव्या रस्त्यांच्या मध्ये, बावीस बावीस मजल्यांच्या दहा इमारती उभ्या आहेत. २,८२० घरं. तसंच एका खोलीचं घर, तोच रस्ता, तीच हवा. पण तिथल्या घराला बाजारभाव लागत नाही. या वसाहतीचं नाव पेन साउथ. शेजारच्या पेन स्टेशनवरून पडलेलं.

हे कसं झालं ते समजायचं तर आधी कपडे शिवणाऱ्या बायका कशा राहत होत्या ते बघावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियाकडून ज्यू आणि इटलीकडून गरीब कुटुंबं बोटी भरभरून न्यूयॉर्कला आली. बेटाच्या खालच्या टोकाला, लोअर ईस्ट साइडला, भाड्याच्या चाळी होत्या, त्यांना टेनेमेंट म्हणत. त्यातली एक चाळ आता संग्रहालय करून जपली आहे. तिथलं तीन खोल्यांचं घर सुमारे ३२५ चौरस फुटांचं. आपलं घरकुल योजनेतलं घर २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. तेव्हा जागेचा अंदाज तुम्हाला आलाच. पण त्या घरात सात-आठ माणसं, मधल्या खोलीला खिडकी नाही, आणि त्याच घरात दिवसा शिलाईचा कारखाना. बाई मशीनवर, पोरं दोरे तोडायला, म्हातारी तुरपाईला. नगावर पैसे. १९०१ साली कायदा आला आणि नव्या चाळींत प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक घरात संडास सक्तीचा झाला. खिडकीसाठी कायदा करावा लागला, हे आम्हाला फार लागलं. आमच्या गावात अजूनही खिडकी म्हणजे चोराला वाट, असं म्हणून भिंत आंधळी ठेवणारे आहेत.

पुढं काम घरातून कारखान्यात गेलं. १९०० साली बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची युनियन निघाली. नाव लांबलचक आहे, इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन. नावातली लेडीज म्हणजे कपडे लेडीजचे, हे लक्षात ठेवा. सभासद बहुतेक बायका होत्या, पण पुढारी बहुतेक पुरुष. आपल्याला हे नवीन नाही. नोव्हेंबर १९०९ मध्ये कूपर युनियनच्या सभागृहात मोठी सभा भरली. मोठमोठे पुढारी जपून बोलत होते. तेव्हा क्लारा लेमलिक नावाची विशीतली मुलगी उठली आणि यिद्दिश भाषेत म्हणाली की बोलणं पुरे, संप करू. सुमारे वीस हजार कामगार बाहेर पडले, त्यात बहुतेक तरुण मुली. त्यानंतर सोळा महिन्यांनी, २५ मार्च १९११ ला, ट्रँगल कारखान्याला आग लागली. आठव्या, नवव्या, दहाव्या मजल्यावर कारखाना, आणि नवव्या मजल्याचं एक दार कुलूपबंद. १४६ जण गेले, त्यात १२३ बायका आणि मुली. आमच्या गाळ्याला दोन दारं आहेत आणि दोन्ही दारांना दिवसा कुलूप लावायचं नाही, असा ठराव आमच्या इतिवृत्तात आहे. तो याच गोष्टीवरून केला.

आता घराकडं येऊ. सहकारी घराची कल्पना न्यूयॉर्कमध्ये गरिबांनी आणली नाही, हे आधी सांगतो. १८८० च्या दशकात फिलिप ह्यूबर्ट नावाच्या वास्तुरचनाकारानं पैसेवाल्यांसाठी तसल्या इमारती काढल्या. सगळ्यांनी मिळून इमारत बांधायची, मालक संस्था, आणि राहणारे भागधारक. त्यांतली एक इमारत, चेल्सी, तेविसाव्या रस्त्यावर आहे, पेन साउथपासून चालत पाच-सात मिनिटांवर. ती संस्था पुढं बुडाली आणि १९०५ साली तिचं हॉटेल झालं. १९२० च्या दशकात श्रीमंतांनी पुन्हा अशा इमारती बांधल्या आणि १९२९ ची मंदी आली तेव्हा त्यातल्याही पुष्कळ बुडाल्या.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्याकडंही लोक गोंधळतात. न्यूयॉर्कमध्ये को-ऑप घर घेणारी बाई भिंती विकत घेत नाही. ती संस्थेचे भाग घेते आणि त्या भागांच्या जोरावर तिला त्या घरात राहण्याचा करार मिळतो. इमारत, जमीन, लिफ्ट, पाण्याची टाकी, सगळं संस्थेचं. दरमहा सगळ्यांनी मिळून कर्जाचा हप्ता, कर, दुरुस्ती भागवायची. श्रीमंतांच्या इमारतींत नव्या माणसाला समितीपुढं मुलाखत द्यावी लागते. वंश, धर्म अशा कारणानं नाकारता येत नाही, पण बाकी कारण सांगायची सक्तीही नाही. १९७९ साली माजी अध्यक्ष निक्सन यांना तिथल्या एका इमारतीनं घर नाकारलं होतं. देशाचा अध्यक्ष राहिलेल्या माणसाला सोसायटीनं नाही म्हटलं, ऐकून आमच्या बायका इतक्या हसल्या की विचारू नका.

गरिबांची वाट वेगळी होती. तिचं मूळ इंग्लंडात, रॉचडेल गावात. १८४४ साली तिथल्या अठ्ठावीस जणांनी, त्यात बरेच विणकर, पै पै जमवून पीठ, लोणी, साखर विकायचं दुकान काढलं. भाग कितीही असोत, मत एक, हा त्यांचा नियम. आमच्या बीएच्या पुस्तकात या रॉचडेलवर एक पान होतं, परीक्षेला पाच मार्कांचं. तेव्हा पाठ केलं आणि विसरलो. बचत गटात आल्यावर कळलं की आपण रोज तेच पान जगतो. हेच बी हिंदुस्थानात १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानं आलं. १९१५ साली मुंबईत गावदेवीला रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकारानं सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, आपल्या देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक. जमीन आणि इमारती संस्थेच्या, सभासद म्हणजे संस्थेचे भाडेकरूही आणि मालकही. पुढच्याच वर्षी, १९१६ ला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी आपली सहकारी इमारत बांधली. तिचं नाव आल्कू, म्हणजे सुरुवात. गावदेवी आणि ब्रुकलिन, दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. पुस्तक मात्र एकच होतं.

मग अब्राहम कझान आले. कीव्हजवळच्या खेड्यातून पोरवयात अमेरिकेला आलेला हा माणूस कपडे कामगारांच्या युनियनमध्ये पतसंस्थेचं काम बघत होता. म्हणजे आमच्यासारखाच हप्ते आणि पासबुकं सांभाळणारा. १९२६ साली न्यूयॉर्क राज्यानं कायदा केला की जी गृहसंस्था नफ्याला मर्यादा घालील तिला करात सवलत मिळेल. कझाननं तो धागा पकडला. १९२७ साली ब्राँक्समध्ये ३०३ घरांची वसाहत उभी राहिली. एका खोलीमागं ५०० डॉलर भरायचे आणि महिन्याला खोलीमागं सुमारे ११ डॉलर. शिलाई कामगाराला एकदम ५०० डॉलर म्हणजे डोंगर. म्हणून युनियनच्या बँकेनं आणि एका यिद्दिश वर्तमानपत्रानं कर्जाची सोय केली. दूध एकत्र घेतलं जायचं. मंदीत श्रीमंतांच्या इमारती लिलावात गेल्या, ही कामगारांची वसाहत टिकली. ज्याचं काम सुटलं त्याला बाकीच्यांनी सांभाळून घेतलं. आम्ही कोविडच्या वर्षी हप्ते पुढं ढकलले होते, त्यातलाच प्रकार.

पेन साउथ ही कझानच्याच संस्थेची पुढची मोठी उडी. पुढाकार बायकांचे कपडे शिवणाऱ्यांच्या युनियनचा, तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड डुबिन्स्की. जागा निवडली ती कारखान्यांच्या खाली लागूनच. कपड्यांचे कारखाने चौतिसाव्या रस्त्याच्या वरच्या अंगाला, घरं एकोणतिसाव्याच्या खाली. सकाळी डबा घेऊन चालत कामाला जाता यावं, हा हिशोब. ज्या बाईनं दोन बस बदलून कामाला जायचे दिवस काढलेत तिला या हिशोबाची किंमत सांगायला नको.

१९ मे १९६२ ला उद्घाटन झालं. अध्यक्ष केनेडी स्वतः आले, एलिनॉर रूझवेल्ट बाई होत्या. त्याच संध्याकाळी केनेडींच्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम होता, त्यात मेरिलिन मन्रो गायली. जगाला ते गाणं आठवतं. त्या दिवशीची घरं कुणाला आठवत नाहीत.

आता त्या घराची गोष्ट. समजा एखादी कामगार बाई, एकटी, लग्न न केलेली किंवा नवरा गेलेली, एका झोपायच्या खोलीच्या घरात आली. पंधराव्या मजल्यावर. स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं न्हाणीघर, खिडकीतून नदीकडचा उजेड. तिच्या आजीनं चाळीत जिन्यातल्या नळावरून बादल्या वाहिल्या होत्या. या घरात तिला कुणी मालक नाही. भाडं वाढवतो, खाली कर, असं म्हणणारा कुणी नाही. संस्थेच्या सभेत तिचं एक मत, आणि मोठ्या घरात राहणाऱ्या कुटुंबाचंही एकच.

आणि अट एकच. घर सोडताना ते बाजारात विकायचं नाही. संस्थेला परत द्यायचं. तुम्ही भरलेले पैसे संस्थेच्या नियमानं परत मिळतील आणि घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. घर राहायला आहे, कमवायला नाही. आपल्या मुंबईच्या सोसायट्यांत असं नाही, हे लक्षात घ्या. तिथंही भागपत्र असतं, पन्नास पन्नास रुपयांचे भाग, सगळे मिळून काही शेकडा रुपये. पण फ्लॅट विकताना किंमत कोटीची लागते, संस्थेला हस्तांतराचं अधिमूल्य फार तर पंचवीस हजार. कागदावर सहकार दोन्हीकडं आहे. जाणारा माणूस काय घेऊन जातो, त्यात फरक आहे.

एवढं सांगून आम्ही थांबलो असतो तर ती जाहिरात झाली असती. दुसरी बाजूही आहे. ही वसाहत मोकळ्या माळावर उभी राहिली नाही. सरकारनं झोपडपट्टी हटवण्याच्या कायद्याखाली ती जागा ताब्यात घेतली, रॉबर्ट मोझेस नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या कारभारात. तिथल्या जुन्या घरांतून हजारो माणसं उठवली गेली. त्यात पोर्तो रिकोहून आलेली गरीब कुटुंबं होती, लहान दुकानं होती. त्यांनी विरोध केला, मोर्चे काढले. शेवटी गेली. कामगारांसाठी घरं म्हणून कामगारांनाच उठवलं, असं तेव्हाही लोक म्हणाले. आणि त्याच १९६२ साली अमेरिकेच्या संसदेच्या एका समितीपुढं या युनियनवर आरोप झाले की काळ्या आणि पोर्तो रिकन कामगारांना ती कमी पगाराच्या कामांत अडकवून ठेवते आणि पुढारीपणात येऊ देत नाही. शिलाईच्या कारखान्यांत तोवर मशीनवर त्याच बायका जास्त बसू लागल्या होत्या. घरं बांधायला घेतली तेव्हाची बाई आणि घरं तयार झाली तेव्हाची बाई वेगळी होती. आमच्या गटातही मूळ बारा जणी एकाच आळीच्या आहेत, हे या निमित्तानं सांगून टाकतो. पलीकडच्या वस्तीतल्या बायकांना आम्ही कधी बोलावलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, असं आम्ही म्हणत आलो. पण कुणी न बोलावता कोण येतं?

पेन साउथमध्ये राहायला आलेल्यांत बेयर्ड रस्टिन होते. १९६३ साली वॉशिंग्टनला काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लाखोंचा मोर्चा निघाला, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग बोलले, त्या मोर्चाची सगळी जुळवाजुळव या माणसानं केली. गांधीजींच्या मार्गाचे अभ्यासक. गांधीजी गेल्यानंतर १९४८ साली ते भारतात येऊन गेले होते. १९६२ पासून १९८७ मध्ये मरण येईपर्यंत ते याच वसाहतीत राहिले. त्यांचं घर आता राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीत आहे. इतक्या मोठ्या माणसाला राहायला सोसायटीतला साधा फ्लॅट पुरला.

आता खरा पेच. पंचवीस वर्षं करात सवलत होती, ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संपणार होती. तोवर चेल्सी बदलू लागली होती. कारखाने कमी होत चालले, पैसेवाले येऊ लागले. सभासदांपुढं दोन वाटा होत्या. एक, बंधन सोडायचं, प्रत्येकानं आपलं घर बाजारभावानं विकायला मोकळं व्हायचं. दुसरी, शहराशी नवा करार करायचा, करात सवलत घ्यायची आणि बंधन पुढं चालू ठेवायचं.

कल्पना करा मैत्रिणींनो. आयुष्यभर मशीनवर पाठ वाकवलेली बाई. पासबुकात फारसं काही नाही. आणि कुणी येऊन सांगतं की तू बसलीस त्या घराखाली सोनं आहे, फक्त हात वर कर. लेकीला देता येईल, नातवाला कॉलेजात घालता येईल. हा मोह आहे असं आम्ही म्हणणार नाही. गरज आहे. आमच्या पुण्याला निघालेल्या ताईंचीही गरजच आहे. त्यांना मुलाच्या घरी मोकळ्या हातानं जायचं नाही. सुनेपुढं हात पसरायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. बाईकडं स्वतःच्या नावावर असं असतंच काय? अकरा वर्षांनी एक गोष्ट हाताला लागली, तीही मूळ भावात सोड म्हणायचं, हे सोपं नाही.

पेन साउथच्या सभासदांनी मत दिलं ते बंधन ठेवण्याच्या बाजूनं. एकदाच नाही. मुदत संपत आली की पुन्हा प्रश्न, पुन्हा सभा, पुन्हा मतदान, आणि दर वेळी बहुमत त्याच बाजूला. दरम्यान बाजारभाव चढतच होता, म्हणजे नाही म्हणायची किंमत दर वेळी जास्त. त्याच शहरात अशाच नियमानं सुरू झालेल्या काही संस्थांनी उलट ठरवलं, बंधन सोडलं आणि घरं बाजारात नेली. तिथल्या पहिल्या सभासदांची पुढची पिढी सुखात आहे, त्यांना कुणी चोर म्हणत नाही. पण त्या इमारतींत आज नवी शिलाई कामगार बाई शिरू शकत नाही.

आणि नुसती अट घातली म्हणजे संस्था चालते असंही नाही. ब्राँक्समध्येच कझानच्या संस्थेनं पुढं को-ऑप सिटी नावाची अफाट वसाहत बांधली, पंधरा हजारांवर घरं. तिथं खर्च वाढत गेला, दरमहाची रक्कम वाढली, आणि कारभारात आपलं कुणी ऐकत नाही म्हणून १९७५ पासून रहिवाशांनी तेरा महिने पैसे भरणं बंद ठेवलं. स्वतःच्याच सहकारी संस्थेविरुद्ध संप. पंधरा हजार घरांत एका बाईचं एक मत किती ऐकू येणार? गट फार मोठा झाला की काय होतं, हे आपल्या तालुक्यातल्या मोठ्या संस्था पाहिलेल्यांना सांगायला नको.

पेन साउथच्या बायका म्हाताऱ्या झाल्या. मुलं दूर गेली. १९८० च्या दशकात वसाहतीत म्हातारी माणसंच जास्त दिसू लागली, त्यातही एकट्या बायका खूप. १९८६ साली संस्थेनं त्यांच्यासाठी वसाहतीतच सोय सुरू केली. नर्स, समाजसेविका, बसायउठायला जागा, दवाखान्याला नेणं-आणणं. वृद्धाश्रमात न जाता आपल्याच घरात म्हातारपण काढायची ही पद्धत पुढं अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी उचलली गेली. वसाहतीचा स्वतःचा वीजनिर्मितीचा प्लँटही आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं, मॅनहॅटनचा खालचा सगळा भाग काही दिवस अंधारात गेला. करोडोंची घरं अंधारात आणि शिलाई कामगारांच्या सोसायटीत दिवे, लिफ्ट चालू. पंधराव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या म्हातारीला लिफ्ट चालू असणं म्हणजे काय, हे आपल्याकडं रोज आठ तास भारनियमन सोसलेल्या बाईला लगेच कळेल.

तिथं घर मिळणं मात्र सोपं राहिलेलं नाही. प्रतीक्षा यादी वर्षानुवर्षांची, नावं चिठ्ठी टाकून घेतात. जे आत आहेत ते भाग्यवान. संस्था आणखी दहा इमारती बांधू शकलेली नाही. जमीनच तेवढी महाग झाली.

परत गाळ्यावर येतो. बैठकीत हे सगळं सांगणं झालं नाही, पण निम्मं झालं. पुण्याच्या ताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, त्या बायकांना म्हातारपणी राहायला तेच घर होतं, मला तर जागा सोडून जायचंय, मी काय घेऊन जाऊ? याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. काकूंनी वही काढली. त्यांनी हिशोब मांडला: घातलेले पंचवीस हजार, अकरा वर्षांचं व्याज, शिवाय गाळ्यातून दरवर्षी जो नफा राखीव टाकला त्यातला ताईंचा वाटा. बेरीज तीन लाखांच्या जवळपासही गेली नाही, पण पंचवीस हजारांहून बरीच वर गेली. ताई म्हणाल्या, वही घरी नेते, मुलाला दाखवते. काकू म्हणाल्या, मुलाला कशाला, तू स्वतः बघ. त्यावर जरा वाजलंच दोघींत.

दोन गोष्टी मात्र त्या रात्री ठरल्या. पुढं कुणीही बाहेर पडली तर काय मिळेल, हे ती आत येतानाच लिहून सही घ्यायची. अकरा वर्षांपूर्वी हे आम्ही केलं नाही, ती चूक समन्वयक म्हणून आमची. आणि नवी जागा भरताना पलीकडच्या वस्तीत आधी जाऊन सांगायचं.

ताईंच्या हिश्श्याचं मतदान येत्या अमावास्येनंतरच्या पहिल्या सोमवारी आहे. बाराही जणींनी यायचं, ताईंनाही मत आहे. ती नवी मुलगी बाहेरच्या ओट्यावर बसणार म्हणाली होती. आम्ही तिला आत बसायला सांगितलंय. चहा तिच्याकडं नाही, आमच्याकडं आहे.